सोळा मात्रांचा श्वास

ट्यूबावाल्याने श्वास घेतला, तशी तिने पेन्सिलीने वहीत एक उभी रेघ मारली. नवव्या ओळीतली ही तिसरी. सनईच्या जातीचा तिचा ओबो मांडीवर आडवा होता, वही स्वरांच्या कागदाखाली अर्धी झाकलेली होती आणि मान किंचित डावीकडे वळलेली होती. कुणालाही वाटलं असतं, बाई आपली वाजवायची पाळी येईपर्यंत मात्रा मोजताहेत. मोजत ती होतीच, पण स्वतःच्या नव्हे.

तिची खुर्ची अर्धवर्तुळाच्या उजव्या टोकाला होती, त्याची डाव्या टोकाला, भिंतीलगत. मधे बावीस माणसं, पण नजर आडवी टाकली की ट्यूबाच्या पितळी घेरामागे त्याचा अर्धा चेहरा आणि शर्टाची तिसरी-चौथी गुंडी नीट दिसे. गुंड्या ताणल्या की श्वास आत, सैल पडल्या की बाहेर. आठवड्याभरात तिला ते न बघताही कळू लागलं होतं.

"ट्यूबा, मोठ्याने," मास्तर म्हणाले. "अजून."

गुंड्या ताणल्या. तिने रेघ मारली.

पाणीपुरवठा खात्याचा हा बँड. कचेरीतली, मीटरवरची, टाक्यांवरची माणसं कामावरून सुटली की जुन्या पंपघराशेजारच्या दालनात जमायची. ती स्वतः खात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. तीन आठवड्यांनी खात्याला शंभर वर्षं होणार होती आणि त्या दिवशी वाजवायला मास्तरांनी एक संथ, गंभीर रचना बसवायला घेतली होती. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं गप्प होत आणि एकटा ट्यूबा सोळा मात्रांचा लांब सूर धरून ठेवी. त्या सुरावर मग ओबो येई. खालून ट्यूबाने उचलून धरलं नाही, तर ओबो उघडा पडणार होता.

अडचण एवढीच होती की भिंतीपलीकडे चार पंप अष्टौप्रहर चालत, आणि त्यांचा घुमारा ट्यूबाच्या त्या सुराला जवळजवळ चिकटून होता.

"तू तिथून त्याला बघू शकतेस," गेल्या सोमवारी सगळे गेल्यावर मास्तर तिला म्हणाले होते.

"काय बघू?"

"तो फुंकतो की नुसते गाल फुगवतो, ते. इथे पंप घुमतो आणि आपण समजतो, ट्यूबा वाजला. त्या दिवशी मैदानात पंप नसणार. तेव्हा कळून काय उपयोग?"

ती हसली होती. मास्तर हसले नव्हते. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढून तिच्यापुढे सरकवली होती.

नाही म्हणायचं तिच्या मनात आलंच नाही. अकरा वर्षांची असताना मास्तरांनी तिला फरशीवर उताणं झोपवून पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला होता आणि तो वर गेल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. ओबोही त्यांनीच निवडून दिला. "तू काटकुळी आहेस. याला हवा फार लागत नाही," ते म्हणाले होते. "पण जी उरेल तिचं काय करायचं, ते तुझं तू शिकायचं." तीस वर्षं झाली त्याला. मास्तरांच्या कानाने एखादी गोष्ट ऐकली म्हणजे ती तशीच असणार, हे तिने तेव्हापासून धरून चाललेलं होतं.

चहाच्या सुट्टीत सगळे पायऱ्यांवर बसले. ट्यूबावाल्याला सगळे टाकी म्हणत. देहामुळे म्हणत असावेत, पण तो स्वतः सांगे की वाद्यामुळे.

"माझी तर अर्धी हवा फुकटच जाते," फ्लूटवाल्या काकू म्हणाल्या. "भोकावरून फुंकायचं, निम्मी आत, निम्मी बाहेर. नळ सोडायचा आणि बादली बाजूला ठेवायची, तसलं काम."

"आमचं उलटं," ट्रंपेटवाला म्हणाला. हा मीटर वाचत गल्लोगल्ली फिरणारा. "हवा थोडकी, पण दाब बघा. वरच्या सुराला डोळे खोबणीतून बाहेर येतात. बायको म्हणते, आरशापुढे वाजवू नका, घाबराल."

"आणि मी?" टाकी म्हणाला. "आभाळाएवढी हवा आत घ्या, चार मात्रांत टाकी रिकामी. मोठ्याने म्हटलं तर तीनच मात्रांत. पुन्हा भरा, पुन्हा ओता. घरी गेलो की गरगरतं."

"ओबोवाल्या ताईंचं बरं आहे," ट्रंपेटवाला म्हणाला.

"कसलं बरं," ती म्हणाली. "दोन पातळ पात्यांच्या फटीतून जाऊन जाऊन जाणार किती? छाती भरलेलीच राहते, आणि ती सगळी वापरलेली हवा. जीव गुदमरतो, पण ताजी घ्यायला आत जागा नसते. आधी बाहेर टाकावी लागते, मग घ्यायची."

"म्हणजे तुमच्याकडे शिळी शिल्लक आणि माझ्याकडे ताजी पुरेना," टाकी म्हणाला. "एक पाईप टाकून जोडून घेऊ या का?"

सगळे हसले. तिला हसायला अंमळ उशीर झाला, आणि टाकीने ते पाहिलं असं तिला वाटलं.

"पण सोळा मात्रा तुम्ही काढता कशा, हे काही आपल्याला समजत नाही," ट्रंपेटवाला कप उपडा करत म्हणाला. "कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरत असलं तर शोधून काढायचं काम माझंच आहे," टाकी म्हणाला. ते खरंच होतं. जमिनीखालच्या नळाला गळती कुठे लागली आहे, हे लोखंडी कांब कानाला लावून ऐकणं ही त्याची नोकरी होती.

एकदा बघायला लागल्यावर तिला सगळंच दिसू लागलं. टाकी पायऱ्या चढून आला की दाराशी थांबून खिशात काहीतरी शोधल्यासारखं करी, निघत काहीच नसे. भिंतीलगतची, पंपाच्या बाजूची खुर्ची त्याने स्वतः मागून घेतली होती म्हणे. सुटल्यावर पूर्वी तो शेवटचा निघायचा, आता सगळ्यांच्या आधी. आणि त्या लांब सुराच्या वेळी ती कान देऊन ऐकायची तेव्हा तिला खरोखरच सांगता येईना, की जे ऐकू येतंय ते टाकीचं आहे की पंपाचं. पूर्वी कधी ही शंकासुद्धा आली नव्हती. आता काही केल्या जात नव्हती. स्वतः वाजवताना ती आपला श्वास विसरू लागली. एकदा तर शिळी हवा टाकायचीच राहिली आणि सुराच्या मध्येच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

पुढच्या आठवड्यात ती पिण्याच्या पाण्याचा नमुना घ्यायला दवाखान्यात गेली. नमुन्याची बाटली नळाखाली धरून उभी असताना समोरच्या काचेच्या दारातून तिला टाकी दिसला. नाकाला चिमटा, तोंडात जाड नळी. एक नर्स हात वर करून म्हणत होती, "अजून, अजून, अजून." टाकीचा चेहरा जांभळा झाला होता. बाटली भरून पाणी तिच्या मनगटावरून वाहू लागलं तेव्हा ती भानावर आली. तो नमुना टाकून तिने दुसरा घेतला.

संध्याकाळी तिने मास्तरांना सांगितलं. सांगू की नको, असं तिने दुपारभर केलं होतं. सांगताना वाक्य तिच्या तोंडून फार भरभर गेलं.

"छाती तपासून घेतोय?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच दिसलं."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. "बघ," ते म्हणाले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच."

एखाद्याच्या आजारपणाची बातमी ऐकून माणसाला एवढं हायसं वाटावं, हे तिला खटकलं. पण मास्तरांविषयी असं काही मनात आणायची तिला सवय नव्हती, तेव्हा ते तिने तिथेच सोडून दिलं.

शनिवारी दुपारी झडपा बदलायच्या म्हणून चारही पंप बंद ठेवले. दालनात शिरताच सगळ्यांच्या ते लक्षात आलं. खुर्ची सरकवल्याचा, काकूंच्या बांगडीचा, कागद उलटल्याचा आवाज मोठा होऊन येत होता. सराव सुरू झाला. वाद्यं एकामागून एक गप्प झाली, आणि टाकीने तो सूर लावला.

तो फरशीतून आला. तिच्या चपलांच्या तळव्यांतून, खुर्चीच्या पायांतून वर चढला. समोरच्या स्टँडवरचा कागद बारीक थरथरू लागला. सूर भरीव होता, गोल होता, आणि त्याने तीन ठिकाणी श्वास घेतला तरी तो सांधा जेमतेम कळत होता. काकूंनी मान वळवून पाहिलं. ट्रंपेटवाल्याने भुवया उंचावल्या. ती इतकी ऐकत राहिली की ओबो ओठांशी न्यायला विसरली.

वर पाहिलं तर मास्तर हात हवेत धरून उभे होते. त्यांची नजर टाकीकडे नव्हती. ती त्यांच्याच स्टँडवर होती, जिथे कागदाची कड थरथरत होती. बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच त्यावर हात ठेवला.

"पंधरा मिनिटं सुट्टी," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी वही मागितली नाही. तिला वाटलं, संपलं. गैरसमज होता, फिटला. टाकीला काही कळलं नाही हे बरं झालं.

सोमवारी मात्र त्यांनी वही मागितली, तीही सराव सुरू व्हायच्या आधी. आणि म्हणाले, "आजपासून नुसत्या रेघा नकोत. कुठे चुकला, उशिरा आला, सूर खाली गेला, सगळं लिही. सुट्टीत मला दे."

"पण मास्तर, शनिवारी तर तो..."

"लिही म्हटलं ना."

ती लिहू लागली. सुट्टीनंतर मास्तर उभे राहत आणि वहीतलं एकेक वाक्य आपलं म्हणून टाकीला ऐकवत. अकराव्या ओळीत घाई. चौदाव्या ओळीत दुसरा श्वास उथळ. टाकी मान हलवे आणि सुधारून घेई. "कान आहे की काय आहे," ट्रंपेटवाला हळूच म्हणे. पण टाकी काही बोलला की मास्तर उत्तर देण्याआधी क्षणभर तिच्याकडे बघत. टाकीचा आवाजही त्याच्या वाद्यासारखाच खोल होता. काकूंच्या चिरक्या आवाजातला प्रश्न मात्र त्यांना पाठमोरं असतानाही कळे.

आता तिला वेगळीच शंका येऊ लागली. ती इतकी वाईट होती की घरी चार भिंतींतही तिने ती स्वतःशी शब्दांत मांडली नाही. शुक्रवारी तिने वहीत लिहिलं: 'लांब सूर. दुसऱ्या श्वासानंतर पूर्ण एक मात्रा उशिरा.' लिहून झाल्यावर तिने पेन्सील खाली ठेवली. टाकी दुसऱ्या श्वासानंतर अगदी वेळेवर आला होता.

सुट्टीनंतर मास्तर उभे राहिले.

"ट्यूबा. त्या लांब सुरात दुसऱ्या श्वासानंतर तू चक्क एक मात्रा उशिरा आलास. एक पूर्ण मात्रा. झोपला होतास?"

टाकीने वाद्य खाली घेतलं. "मास्तर, मी वेळेवर..."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत राहिली.

"मला शिकवू नकोस," मास्तर म्हणाले.

जो तो आपापला श्वास सांभाळत असतो, दुसऱ्याची मात्रा कुणाच्या ध्यानात राहणार? टाकीने सभोवार पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे, आणि सगळ्यांनी नजर खाली घातली. मग त्याने ट्यूबाच्या नळीतलं पाणी काढलं, तोंडाचा भाग रुमालाने पुसला, वाद्य पेटीत ठेवलं आणि दोन्ही कड्या लावल्या. पेटी त्याने घरी नेली नाही. मास्तरांच्या टेबलाशेजारी आणून ठेवली.

"माझंच काहीतरी बिनसलंय," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेतून लवकर निघाली. टाकी बाजाराच्या मागच्या रस्त्यावर सापडला. खणलेल्या खड्ड्याच्या काठी तो एका गुडघ्यावर बसला होता, कांबीचं एक टोक नळावर, दुसरं कानाशी. डोळे मिटलेले. ती समोर जाऊन उभी राहिली, तरी थोडा वेळ त्याने ते उघडले नाहीत.

"ताई? इथे कशा? पाणी गढूळ आलं का कुठे?"

"नाही. काल तुम्ही उशिरा आला नव्हता."

त्याने कांब कानापासून काढली.

"मला वाटत होतंच तसं," तो म्हणाला. "पण मास्तर म्हणाले म्हटल्यावर माणूस स्वतःलाच खोटं पाडतो. छाती तपासली गेल्या आठवड्यात. ते 'मोठ्याने, मोठ्याने' करत होते, मला वाटलं, गेली आपली हवा. डॉक्टर म्हणतात, चाळिशीतल्या माणसाची छाती आहे. मग म्हटलं, डोक्यातच बिघाड झाला असेल."

"ते मास्तरांनी ऐकलं नव्हतं. मी लिहून दिलं होतं."

त्याला समजायला वेळ लागला. "तुम्ही?"

"आधी रेघा मारत होते. तुमच्या श्वासांच्या. त्यांनी सांगितलं म्हणून."

"कुणीतरी पाळत ठेवतंय हे मला कळत होतं," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, ट्रंपेटवाला. त्याच्या मेहुण्याला ट्यूबा हवाय. दोन आठवडे मी त्याच्याशी धड बोललो नाही." मग एकदम त्याने वर पाहिलं. "दवाखान्यातलंही तुम्हीच सांगितलंत?"

"हो."

"ते सांगायला नको होतं, ताई."

"हो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. खड्ड्यातली माती थोडी ढासळली.

"आणि कालचं खोटं का लिहिलंत?"

"बघायचं होतं."

"काय?"

तिची नजर त्याच्या हातातल्या कांबीवर होती. टाकीने तिच्या नजरेचा माग धरून कांबीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. त्याच्या तोंडावरचा राग गेला नाही, पण त्यामागे काहीतरी हललं.

"असा ट्रक गेला की मला नळातलं काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "मग बरोबरच्या माणसाला विचारतो, 'तुला काय वाटतं?' असं विचारतो, जसं काही मी त्याची परीक्षाच घेतोय."

"मी काही म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

"नाही. मीही काही ऐकलेलं नाही."

त्याने कांब पुन्हा नळाला लावली. उद्या येणार का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही.

रविवारच्या सरावाला मास्तर लवकर येऊन बसले होते. पेटी टेबलाशेजारी होती तशीच होती. ती आत आली तसा त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"वही आणली नाही, मास्तर."

त्यांचा हात तसाच राहिला, मग त्यांनी तो टेबलावरची ताल द्यायची काडी उचलण्याकडे वळवला. "बरं," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडे वर पाहिलं नाही. एकसष्ट वर्षांचा तो माणूस खुर्चीत एकाएकी लहान दिसला. तीस वर्षांत तिने त्यांना कधी असं वरून पाहिलं नव्हतं.

सगळे जमले. डाव्या टोकाची खुर्ची रिकामी होती. मास्तरांनी काडीने दोनदा टकटक केली, आणि तेवढ्यात टाकी आला. कुणाशी न बोलता तो पेटीपाशी गेला, वाद्य काढलं, खुर्चीवर बसला. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

सुरुवात बरी झाली. एकामागून एक वाद्यं गप्प होत गेली. शेवटी काकूंचा फ्लूट थांबला आणि भिंतीपलीकडच्या पंपांचा घुमारा तेवढा उरला. मास्तरांचा हात वर होता. तो खाली कधी आणायचा, हे त्यांना कुठून कळणार?

टाकीने श्वास घेतला. पण नेहमीसारखा नाही. त्याने दोन्ही खांदे कानांपर्यंत वर उचलले, हमाल ओझं घेतो तसे, आणि सूर लागताच धपकन खाली सोडले. पहिल्या दिवशीचं पोरही मास्तरांसमोर असा खांदे उडवून श्वास घेणार नाही. काकूंनी तोंडावर हात ठेवला. चौथ्या मात्रेनंतर पुन्हा तसंच. वर, आणि खाली. आठव्या मात्रेनंतर पुन्हा, बाराव्या मात्रेनंतर पुन्हा. ट्रंपेटवाल्याला हसू आवरेना.

मास्तरांची नजर टाकीच्या खांद्यांवर खिळली होती. काडी खांद्यांबरोबर वर गेली, खांद्यांबरोबर खाली आली, आणि सोळावी मात्रा संपता संपता त्यांनी डावा हात तिच्याकडे केला. ओबो वेळेवर आत आला. खाली ट्यूबा होता.

रचना संपली. मास्तरांनी काडी स्टँडवर ठेवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला.

"ट्यूबा," ते म्हणाले. "खांदे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आता काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"हो, मास्तर," टाकी म्हणाला.

मास्तरांनी या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही. ते टाकीच्या ओठांकडे बघत होते.

"असेच राहू देत," ते म्हणाले, आणि कागद उलटून त्यांनी पहिलं पान पुढे घेतलं.